घोट्याच्या एवढ्याशा हाडावरून प्राणी झाडावर चढायचा हे कसं ठरवतात?

प्रश्न निपाणीकडच्या एका झूलॉजीच्या विद्यार्थ्याचा आहे, आधी तो थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल कशावर बोलतोय ते. त्यांच्या वाचनात आलं की डेक्कनोलेस्टिस नावाचा, डायनासोरच्या शेवटच्या काळातला एक चिमुकला भारतीय सस्तन प्राणी झाडावर चढणारा होता, आणि हे ठरवलं गेलं ते आधी घोट्याच्या दोन हाडांवरून. तर एवढ्याशा हाडावरून एवढं कसं सांगता येतं, की हा नुसता अंदाज? आणि दुसरं, वेदगंगेच्या काठावर त्यांना स्वतःला एक घोट्याचं हाड मिळालंय, अंगठ्याच्या पेराएवढं, वरच्या आणि खालच्या दोन्ही टोकांना खाच असलेलं, तर ते अशाच एखाद्या जुन्या प्राण्याचं असेल का.

मी मूळचा खानापूर तालुक्यातला. जिओलॉजी शिकलो आणि पुढं बरीच वर्षं गाळाच्या दगडातनं बारीक दात आणि हाडं चाळून काढायची, ओळखायची, हेच काम केलं, त्यातही पायाची हाडं जास्त. त्यामुळं हा प्रश्न बघून खरंच आनंद झाला, आमच्याकडं घोट्याबद्दल सहसा कुणी विचारत नाही, सगळे दात आणि कवटीच विचारतात.

मला वाटतं खरा प्रश्न असा आहे की हाडाच्या आकारातनं प्राण्याचं वागणं वाचता येतं का, आणि वाचताना थांबायचं कुठं. पाय कुठल्या दिशेला किती वळू शकत होता आणि कुठं अडत होता, हे घोट्याचं हाड बऱ्यापैकी खात्रीनं सांगतं. तो प्राणी दिवसभर नेमकं काय करत होता हे त्यावरनं काढायचं म्हटलं की मधे एकेक पायरी वाढते आणि प्रत्येक पायरीला खात्री थोडी कमी होते. ही दोन वाक्यं वेगवेगळी ठेवली की अर्धा गोंधळ संपतो.

आधी घोटाच का, ते सांगतो. बारीक सस्तन प्राण्यांचा सांगाडा अख्खा सापडणं फार दुर्मिळ. मिळतात ते दात, कारण इनॅमल टणक. त्याच्या खालोखाल माझ्या अनुभवात ही घोट्याची हाडं, कारण ती आखूड, भरीव, आत पोकळी फारशी नाही, मांस पण नाही त्यामुळं शिकारी जनावर सहसा फोडत बसत नाही. लांब हाडं मोडून तुकडे होतात, ही गोटी तशीच राहते. आणि नशीब असं की जे हाड टिकतं त्याच्यावरच माहिती पण भरपूर असते, कारण त्याच्या जवळजवळ सगळ्या बाजू सांध्याच्या असतात. गुळगुळीत पृष्ठभाग कुठं संपतो, कुठं कड येते, ते बघून शेजारचं हाड त्याच्यावर किती सरकत होतं हे मोजता येतं.

आता स्वतःच्या पायावर करून बघा. खुर्चीवर बसा, नडगी हातानं घट्ट धरा आणि पाऊल वर-खाली करा. हा झाला वरचा सांधा, नडगीचं हाड आणि त्याच्याखालचं अ‍ॅस्ट्रॅगॅलस (माणसात त्याला डॉक्टर लोक टॅलस म्हणतात) यांच्यामधला. आता नडगी तशीच धरून तळवा आतल्या बाजूला वळवा, म्हणजे दोन्ही पायांचे तळवे एकमेकांकडं बघतील असा. ही हालचाल मुख्यतः खालच्या सांध्यात होते, अ‍ॅस्ट्रॅगॅलस आणि टाचेचं हाड कॅल्केनियम यांच्यामधे, आणि त्याच्या पुढच्या हाडांमधे. दोन कामं, दोन सांधे. सस्तन प्राण्यांच्या घोट्याची सगळी गोष्ट या वाटणीची आहे, बाकी सगळे त्याचे फाटे.

ही वाटणी पहिल्यापासून नव्हती. आपल्या दूरच्या पूर्वजांच्या कुळात, साधारण २८ कोटी वर्षांपूर्वीच्या डायमेट्रोडॉनसारख्या प्राण्यात, ही दोन हाडं एकमेकांच्या शेजारी होती, एक आतल्या बाजूला एक बाहेरच्या. पाय अंगाच्या बाजूला फाकलेले, पाऊल टाकताना बाहेर वळलेलं, आणि हालचाल घोट्यात जागोजागी थोडी थोडी वाटलेली. टाच अशी नव्हतीच. पुढं सायनोडॉन्ट गटात, म्हणजे ज्यातनं सस्तन प्राणी आले त्या गटात, कॅल्केनियमच्या मागच्या बाजूला एक छोटा उंचवटा यायला लागतो. तो दिसायला किरकोळ आहे पण माझ्या मते सगळ्यात मोठा बदल तोच, कारण पोटरीचा स्नायू तिथं बांधला गेला की ओढायला तरफ मिळते, आणि प्राणी पाऊल मागं ढकलून पुढं जाऊ शकतो. टाच जितकी लांब तितका जोर, आणि पावलाचा पुढचा भाग टाचेच्या मानानं जितका लांब तितका वेग. पळणाऱ्या आणि खणणाऱ्या प्राण्यात हा हिशोब वेगवेगळा दिसतो तो यामुळंच.

मग येतात २० कोटी वर्षांच्या आसपासचे मॉर्गन्युकोडॉन आणि लेसोथोमधला मेगाझोस्ट्रोडॉन. उंदीर-चिचुंद्रीएवढे, सस्तन प्राण्यांच्या अगदी सुरुवातीचे. जेन्किन्स आणि पॅरिंग्टन यांनी १९७६ मध्ये या गटाच्या सांगाड्यांचा तपशीलवार अभ्यास छापला. यांच्यात अ‍ॅस्ट्रॅगॅलस कॅल्केनियमच्या शेजारनं सरकून थोडं त्याच्यावर चढायला लागलेलं दिसतं. पूर्ण नाही, थोडंच. आपल्याकडं त्याच्यानंतरच्या काळातली गोदावरी-प्राणहिता खोऱ्यातली कोटा फॉर्मेशन (फॉर्मेशन म्हणजे दगडांच्या थरांचा एक गट) आहे, तिथं पण ज्युरासिक सस्तन प्राणी मिळालेत पण हाती लागलं ते बहुतेक दातच, त्यामुळं घोट्याबद्दल तिथनं बोलता येत नाही.

कांगारूसारखे पिशवीवाले आणि आपल्यासारखे वार (प्लॅसेंटा) असलेले, या दोन्हींच्या सामाईक कुळात मात्र अ‍ॅस्ट्रॅगॅलस नीट वर जाऊन बसतं. कॅल्केनियमला आतल्या बाजूनं एक फळी फुटते, त्या फळीवर ते टेकतं, आणि खाली त्या दोघांमधे स्वतंत्र सरकणारा सांधा तयार होतो. आता वरचा सांधा फक्त वर-खाली सांभाळायला मोकळा, आणि तळवा वळवायचं काम खालच्याकडं. यामुळं प्राण्याला उंचसखल जागी, मुळांवर, दगडांवर, फांद्यांवर पाऊल त्या पृष्ठभागाला जुळवून ठेवता येतं आणि तरीही मागं ढकलायचा जोर जात नाही.

इथं एक गोष्ट आवर्जून सांगतो, पुस्तकात हे सगळं एकापाठोपाठ एक शिडी चढल्यासारखं काढलेलं असतं तसं ते झालेलं नाही. चीनमधल्या यीशियान फॉर्मेशनमधे, साधारण साडेबारा कोटी वर्षांपूर्वीच्या थरात, जेहोलोडेन्स नावाचा प्राणी मिळाला (१९९९ मध्ये जाहीर झाला), त्याचा खांदा नव्या वळणाचा पण मागचा पाय आणि घोटा जुन्या वळणाचा. आणि त्याच फॉर्मेशनमधनं २००२ मध्ये इओमाया आला, त्याचा पाय चढणाऱ्या प्राण्यासारखा. जुना आणि नवा घोटा एकाच जंगलात एकाच काळात राहत होते की. शिवाय त्या काळातल्या बऱ्याच सस्तन प्राण्यांच्या घोट्याला आतल्या बाजूला एक काटा असायचा, आजच्या नर प्लॅटिपसला असतो ना, विषारी, त्याच जागी. आता आपल्या कुळात तो राहिलेला नाही.

आता मूळ प्रश्नाकडं, झाड. खानापूरकडचे लोक भीमगडच्या जंगलात शेकरू बघतात, पण बघताना सगळे शेपटीकडं बघतात. पुढच्या वेळी तो खोडावरनं डोकं खाली करून उतरत असेल तेव्हा मागच्या पायाकडं बघा. मागचं पाऊल उलटं फिरलेलं असतं, नखं वरच्या बाजूला खोडात रुतवून सगळं वजन त्याच्यावर टांगलेलं. हे जमायला पाऊल वरच्या सांध्यात पूर्ण खाली झुकलं पाहिजे आणि खालच्या सांध्यात तळवा आत वळला पाहिजे, दोन्ही एकदम. मांजर झाडावर सरसर चढतं आणि उतरताना मागं मागं घसरत येतं, कारण तिच्या घोट्यात एवढी वळायची मुभा नाही. जेन्किन्स आणि मॅक्लर्न यांनी १९८४ मध्ये वेगवेगळ्या चढणाऱ्या प्राण्यांत हे पाऊल उलटं फिरणं नेमकं कुठल्या सांध्यात होतं ते दाखवलं. त्याच्या आदल्या वर्षी क्राउझ आणि जेन्किन्स यांनी टिलोडस नावाच्या एका नामशेष प्राण्याचा घोटा असाच फिरत असणार हे मांडलं होतं, आणि तो प्राणी तर खारींच्या नात्यातला पण नाही, अगदी वेगळी फांदी.

म्हणजे हाडावर बघायचं काय? मी हातात घेतल्यावर बघतो ते या क्रमानं. अ‍ॅस्ट्रॅगॅलसच्या वरची खाच खोल की उथळ, कारण खोल खाच नि उंच कडा म्हणजे सांधा सरळ रेषेत बांधलेला, पळणाऱ्यांचा. उथळ असेल तर थोडी सैल हालचाल चालते. मग त्याचं पुढचं डोकं, ते गोल आणि आडवं पसरट असेल तर पुढचं पाऊल त्याच्याभोवती फिरू शकतं. मग खालचे दोन्ही पृष्ठभाग, आणि कॅल्केनियमवरचे त्यांचे जोडीदार. ते लांब असतील, आणि एकाची वाकण दुसऱ्यापेक्षा लांबपर्यंत गेली असेल, तर तिथं बरीच सरकासरक होत होती.

डेक्कनोलेस्टिसची गोष्ट अशी. हैदराबादच्या पश्चिमेला नास्कल म्हणून गाव आहे, आता तेलंगणात, तिथं डेक्कन ट्रॅपच्या लाव्हाच्या थरांमधे अडकलेला तळ्याचा गाळ आहे. तो चाळून जी.व्ही.आर. प्रसाद आणि अशोक साहनी यांनी १९८८ मध्ये भारतातला पहिला क्रेटेशियस (म्हणजे डायनासोरच्या शेवटच्या कालखंडातला) सस्तन प्राणी जाहीर केला, डेक्कनोलेस्टिस हिस्लोपी. तेव्हा दात होते. १९९४ मध्ये प्रसाद आणि गोदिनो यांनी त्याच जागेतली घोट्याची हाडं छापली, काही मिलिमीटरची, आणि त्यात ही सगळी सैल, फिरणाऱ्या सांध्याची लक्षणं होती. पुढं २०१० मध्ये बॉयर आणि सहकाऱ्यांनी कोपराकडची हाडं पण अभ्यासली आणि ती पण चढणाऱ्या प्राण्याकडंच बोट दाखवत होती. माझ्या दृष्टीनं दुसरा पुरावा वेगळ्या अवयवातनं आला हे महत्त्वाचं. एकटा घोटा काही म्हणाला तर मी ऐकतो, घोटा आणि कोपर दोघं एकच म्हणाले तर मानतो. असंच अमेरिकेत मोन्टानामधल्या पर्गेटोरियसचं झालं, प्रायमेट्सच्या (माकडं, माणूस यांच्या) कुळाच्या अगदी सुरुवातीचा म्हणून त्याला मानतात, बरीच वर्षं नुसते दात होते, २०१५ मध्ये त्याची घोट्याची हाडं जाहीर झाली आणि ती पण झाडावर राहणाऱ्याची निघाली.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते मोकळेपणानं सांगायला पाहिजे. पहिलं म्हणजे हे दात आणि हा घोटा एकाच प्राण्याचे कशावरनं? चाळणीत सगळं सुटं सुटं येतं. जुळवतात ते मापावरनं आणि संख्येवरनं, म्हणजे त्या जागी सगळ्यात जास्त दात ज्याचे, आणि त्याच मापाचा घोटा, तो बहुतेक त्याचा. हे तर्काला धरून आहे, पण ज्या जागेत एकाच मापाचे दोन-तीन प्राणी असतील तिथं मी हात आखडता घेतो. दुसरं म्हणजे प्राण्याचं आकारमान. अगदी चिमुकल्या प्राण्याला जमिनीवरचा पालापाचोळा, मुळं, काटक्या हेच डोंगरदऱ्या असतात, त्यामुळं तिथं राहणाऱ्याचा घोटा पण थोडा फिरता असतो. म्हणून 'चढू शकत होता' हे मी ठामपणे म्हणेन, 'झाडावरच राहायचा' हे म्हणायच्या आधी आणखी हाडं मागेन. तिसरं, पूर्वजांकडनं आलेला आकार. काही लक्षणं प्राणी वापरतो म्हणून नाही तर बापजाद्यांची होती म्हणून असतात, त्यामुळं त्या प्राण्याची जवळच्या नातेवाइकांशी तुलना केल्याशिवाय नुसता आकार वाचायचा नाही.

६.६ कोटी वर्षांपूर्वी डायनासोर गेल्यावर घोट्यांचं काय झालं यावर २०२१ मध्ये सारा शेली आणि सहकाऱ्यांचं चांगलं काम आलं. त्यांनी पॅलिओसीन काळातल्या प्राण्यांचे घोटे मोजून आजच्या आणि त्याआधीच्या प्राण्यांशी ताडून बघितले. निघालं असं की त्यातले बरेच जाडजूड, दणकट घोट्याचे, जमिनीवर वावरणारे आणि खणणारे होते. मला हे फार पटतं, जंगलं कोलमडल्यावर जमिनीवर आणि जमिनीखाली जगता येणाऱ्यांना जास्त वाव मिळाला असणार.

आणि मग ५.५ कोटी वर्षांच्या आसपास समखुरी प्राणी येतात, म्हणजे आजच्या बकरी, गाय, हरीण, डुक्कर यांचं कूळ. सुरुवातीचा डायकोडेक्सिस सशाएवढा, पण घोटा एकदम वेगळा. बाकी सगळ्यांच्या अ‍ॅस्ट्रॅगॅलसला वर विहिरीच्या कप्पीसारखी एक खाच असते आणि खाली डोकं, पण यांच्यात खाली पण कप्पी. वर एक, खाली एक. त्यामुळं हे हाड दोन्ही बाजूंना पुढं-मागं झुलतं, पाय खूप वाकतो, झटक्यात सरळ होतो, आणि आडवं मुरगळणं जवळजवळ बंद. म्हणजे जी फिरायची मुभा आधी एवढी कमावली होती तीच यांनी सोडून दिली, आणि बदल्यात उडी आणि धाव घेतली. घोड्या-गेंड्याच्या कुळानं तोच प्रश्न दुसऱ्या पद्धतीनं सोडवला, वरची खाच खोल आणि तिरकी, खालचं टोक सपाट.

या दुहेरी कप्पीनं किती मोठा वाद मिटवला ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. देवमासे कुणापासून आले यावर दात बघणारे म्हणायचे मेसोनिकिड नावाच्या मांसाहारी कुळातनं, आणि डीएनएवाले म्हणायचे पाणघोड्याच्या नात्यातनं. २००१ मध्ये गिंगरिच यांच्या गटानं बलुचिस्तानातल्या ऱ्होडोसिटस आणि आर्टिओसिटस या जुन्या, पाय असलेल्या देवमाशांचे घोटे जाहीर केले, त्याच वर्षी थेविसन यांच्या गटानं पाकिसिटसचे. दोन्हीकडं अ‍ॅस्ट्रॅगॅलसला वरखाली कप्पी. पाण्यात राहणाऱ्याला ती काहीच उपयोगाची नाही, ती वारशातच आलेली. पुढं जम्मूकडच्या कालाकोटचे, ए. रंगा राव यांनी गोळा करून ठेवलेले दगड फोडल्यावर त्यातनं इंडोह्यूस नावाच्या प्राण्याची हाडं निघाली, २००७ मध्ये जाहीर झाली, त्याचा घोटा पण असाच. वर म्हटलं ना की काही आकार वापरासाठी नाही तर वारशानं असतात, तर इथं तोच वारसा सगळ्यात मोठा पुरावा ठरला.

आता तुमचं हाड. तुम्ही लिहिलंय दोन्ही टोकांना खाच, अंगठ्याच्या पेराएवढं. मग ते डायनासोरच्या काळातलं असूच शकत नाही, कारण दुहेरी कप्पी तेव्हा कुणाकडंच नव्हती, आणि तेव्हाचे आपल्याकडचे सस्तन प्राणी एवढे बारीक की त्यांचं हे हाड तुमच्या नखावर मावलं असतं. माप बघता शेळी-मेंढी किंवा लहान हरीण. गायी-म्हशीचं याच्या दुप्पट तरी असतं. खात्री करायची तर खाटकाला शेळीच्या मागच्या पायाचा तो सांधा मागा, लोक ज्याला मागचा गुडघा म्हणतात आणि जो खरं तर घोटा असतो, नडगीचं टोक त्याला जोडलेलं राहील असा. शिजवून हाडं सुटी करा आणि दोन्ही शेजारी ठेवा. मी शिकवताना सगळ्यांना हेच करायला लावायचो, चित्रांच्या दहा तासांपेक्षा हे बरं.

तरी फेकून देऊ नका. आपल्या बेळगाव जिल्ह्याचा उत्तरेकडचा भाग ट्रॅपचा, गोकाकच्या धबधब्याचा दगड तर जनावरं जन्मायच्या कितीतरी आधीचा, त्या दगडात हाड शोधायचा प्रश्नच नाही. पण नद्यांनी आणून टाकलेला जुना गाळ ही वेगळी गोष्ट. रॉबर्ट ब्रूस फूट यांनी गोकाकजवळच्या नदीच्या जुन्या गाळातनं गेंड्याचे अवशेष काढले आणि १८७४ मध्ये ऱ्हायनोसेरॉस डेक्कनेन्सिस म्हणून त्याचं वर्णन छापलं. म्हणजे घटप्रभेच्या काठाला एकेकाळी गेंडे होते. त्यामुळं हाड कुठल्या थरातनं आलं हे हाडापेक्षा महत्त्वाचं ठरू शकतं. नुसतं वाळूवर पडलेलं असेल तर गेल्या काही वर्षांतलं असण्याचीच शक्यता जास्त. काठाच्या उभ्या कापात, घट्ट झालेल्या चुनखडीच्या खड्यांच्या गाळात रुतलेलं असेल आणि हातात घेतल्यावर मापाच्या मानानं जड लागत असेल, तर मात्र नीट बघायला पाहिजे.

अ‍ॅसिड लावू नका, ब्रशनं घासू नका, वार्निश तर अजिबात नको. शेजारी पट्टी ठेवून वरून, खालून आणि दोन्ही बाजूंनी असे फोटो काढा, जिथं मिळालं त्या काठाचा पण एक लांबून काढा, काठाच्या माथ्यापासून किती खाली होतं ते लिहा, आणि इथंच टाका. त्या फोटोत खालच्या कप्पीच्या दोन्ही कडा स्पष्ट दिसल्या तर शेळी की मेंढी की हरीण, इथपर्यंत मी प्रयत्न करतो.